आवडीचे घर विकताना

आवडी हे नाव मराठी वाचकाला प्रथम इतिहासाच्या पुस्तकात भेटते. १९५५ च्या जानेवारीत मद्रास शहराच्या पश्चिमेस असलेल्या या गावी ढेबरभाईंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव तेथे मंजूर झाला, आणि पुढे कित्येक वर्षे अग्रलेखांतून ‘आवडीचा ठराव’ हा शब्दप्रयोग अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही अर्थांनी होत राहिला. परंतु अंबरनाथ, खडकी, देहूरोड, भंडारा अशा ठिकाणी आयुधनिर्माणींच्या आश्रयाने वाढलेल्या कुटुंबांना आवडी माहीत असते ती निराळ्या कारणाने. १९६१ साली तेथे अवजड वाहनांचा कारखाना स्थापन झाला, १९६५ मध्ये त्यातून ‘विजयंता’ हा रणगाडा बाहेर पडला, आणि तेव्हापासून संशोधन संस्थेत, हवाईदलाच्या तळावर वा कारखान्यात नोकरीनिमित्त आलेली मराठी माणसे तेथे थोडीबहुत का होईना वसत आली. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुधनिर्माणी मंडळाचे विभाजन होऊन ज्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांपैकी रणगाड्यांच्या कंपनीचे मुख्यालय आवडीस असून अंबरनाथचा यंत्रनमुन्यांचा कारखाना तिच्याच अखत्यारीत आहे. तेव्हा हा ऋणानुबंध अद्याप संपलेला नाही.

या मंडळींपैकी कित्येकांनी सरकारी निवासस्थान सोडून पट्टाभिराम, अण्णनूर, तिरुमुल्लैवायल या बाजूंना एखादा भूखंड घेऊन त्यावर दोन-तीन खोल्यांचे घर बांधले, कोणी गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत सदनिका घेतली, आणि सेवानिवृत्तीनंतर मुलेबाळे पुण्याला किंवा नागपूरला स्थिरावल्यामुळे ते घर विकण्याची वेळ त्यांच्यावर आली. ही वेळ बहुधा हात आखडलेला असतानाच येते. उपदान आणि भविष्यनिर्वाह निधी यांतली बरीचशी रक्कम इकडच्या नव्या सदनिकेत अडकलेली असते, निवृत्तिवेतनातून महिना कसाबसा निभतो, आणि विकावयाच्या घरावर आणखी खर्च करावयाचा तर तो कर्ज काढूनच करावा लागतो. अशा वेळी शेजारी, आप्त आणि दलाल हे तिघेही एकमुखाने सांगतात, की घराला थोडे सजवा, दोन-तीन लाख घाला, पाच-सहा लाख जास्त येतील. अमेरिकेत १९७० नंतरच्या काळात विक्रीसाठी घर मांडून दाखविण्याचा एक स्वतंत्र व्यवसायच उदयास आला, आणि त्या व्यवसायाची छायाचित्रे आता आपल्याही दलालांच्या भ्रमणध्वनीत येऊन बसली आहेत.

प्रस्तुत लेखकाचे मत या सल्ल्याच्या सर्वस्वी विरुद्ध आहे. ज्याच्यापाशी विक्रीपूर्व खर्चासाठी थोडकेच पैसे आहेत त्याने ते पाणी आणि कागदपत्रे या दोनच बाबींवर खर्च करावेत, उरले तर झाडलोटीवर घालावेत, आणि नवे स्वयंपाकघर, खोटे छत, भिंतीवरचा चकचकीत रंग यांसाठी एक रुपयाही कर्ज काढू नये. यामागे काटकसर आहे हे खरे. परंतु तिच्याहून महत्त्वाची कारणेही आहेत.

पाण्याची बाब प्रथम घेतली ती स्थलमाहात्म्यामुळे. आवडीचा खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. सखल भाग, जुनी तळी आणि त्यांच्या काठांवर वाढलेली वस्ती यांमुळे या तीन महिन्यांत तेथील घराची खरी परीक्षा होते. २०१५ च्या डिसेंबरातला महापूर आणि २०२३ च्या डिसेंबरातले मिचाँग चक्रीवादळ या दोन प्रसंगांनंतर चेन्नईच्या परिसरात घर पाहावयास येणारा मनुष्य दिवाणखान्याचा रंग पाहण्याआधी एकच प्रश्न विचारतो: पाणी कुठपर्यंत आले होते? या प्रश्नाचे उत्तर रंगाच्या डब्यात मिळत नाही. शेजाऱ्याच्या कुंपणावरची चिखलाची रेघ, रस्त्याच्या पातळीपासून जोत्याची उंची आणि विजेच्या मीटरची जागा या तीन गोष्टींवरून ते त्याला दलालाच्या मदतीवाचून कळते.

आता गच्चीवर चला. तेथील साध्या घराच्या स्लॅबवर विटांचे तुकडे आणि भिजविलेला चुना यांचा ठोकून बसविलेला थर असतो, आणि त्यावर भाजलेल्या मातीच्या चपट्या, तांबूस फरशा जडविलेल्या असतात. आपल्याकडच्या विटांच्या कोब्याचाच हा दाक्षिणात्य भाऊबंद. ही रचना उन्हापासून आणि पावसापासून घराचे उत्तम रक्षण करते, मात्र फरशांच्या सांध्यांतला माल सुटू लागला की पाणी हळूहळू आत मुरते, एखाद्या सांध्यात पिंपळाचे रोप निमूटपणे मूळ धरते, पन्हळीच्या तोंडाशी पानांचा व मातीचा गाळ साचून पाणी तुंबते, आणि मग केव्हातरी निजण्याच्या खोलीच्या कोपऱ्यात, छत आणि भिंत यांच्या संधीवर, चहाच्या डागासारखा एक पिवळट वर्तुळाकार डाग उमटतो. गृहस्वामी तो डाग खालून पाहतो आणि खालूनच त्यावर रंग देतो. पुढील पावसाळ्यात तो डाग त्याच जागी, किंचित विस्तृत होऊन, परत येतो. आणि दोन-तीन पावसाळे असेच गेले की आतल्या सळया गंजून फुगतात व गिलाव्याचे पोपडे अंथरुणावर पडू लागतात.

यावरचा उपाय वरच्या बाजूने करावयाचा आणि तो फारसा खर्चिकही नाही. एक गवंडी आणि एक हाताखालचा माणूस लावून सांधे लोखंडी पात्याने खरवडून काढावेत, रोपे मुळासकट उपटावीत, सांधे पाण्याने धुऊन त्यांत जलरोधक द्रव मिसळलेला सिमेंटचा माल भरावा, त्यात तांबडा ऑक्साइड घातला की तो फरशीच्या रंगाशी मिळून जातो. मग काही दिवस पाणी मारावे आणि पन्हळीच्या तोंडाला जाळी बसवावी. नंतर पन्हळींची तोंडे बंद करून गच्चीवर चार बोटे पाणी एक-दोन दिवस साचवून ठेवावे आणि खाली छत कोरडे राहते की नाही ते पाहावे. ही परीक्षा ग्राहकासमोर केली तर अधिकच उत्तम. ज्या छताखाली कोरडेपणा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास मिळाला, त्या छताला रंग नसला तरी समजूतदार ग्राहक नाक मुरडत नाही.

जमिनीकडून वर चढणारी ओल हा दुसरा प्रकार, आणि तो अधिक हट्टी. जुन्या घरांच्या जोत्यात ओलरोधक थर नसला की भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरे क्षार फुटतात, हात लावला की पिठासारखे गळतात. त्यावर पुट्टी आणि तेलकट किंवा प्लास्टिकचा रंग देणे म्हणजे ओल आत कोंडणे. ती एका ऋतूत पापुद्र्यांसकट बाहेर येते. त्यापेक्षा सुटलेला गिलावा काढून, भिंत वाळू देऊन, साधा चुना मारावा. चुन्यातून भिंतीचा ओलावा बाहेर पडू शकतो, खर्चही क्षुल्लक, आणि दोष झाकला असा आक्षेपही कोणास घेता येत नाही. २००३ पासून तमिळनाडूत प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी जिरविण्याची व्यवस्था सक्तीची आहे. बहुतेक घरांत तो खड्डा असतो आणि बहुतेक घरांत तो कचऱ्याने भरलेला असतो. अर्ध्या दिवसाच्या मजुरीत तो उपसून, त्यातली वाळू आणि खडी धुऊन पुन्हा भरता येते. भूमिगत टाकी रिकामी करून घासून घेणे आणि वरच्या टाकीला धड झाकण बसविणे हीही त्याच दिवसाची कामे.

येथपर्यंत वाचून व्यवहारचतुर वाचक म्हणेल, की दोष दुरुस्त करणे ठीक. पण जो दोष दुरुस्त होण्याजोगा नाही तो आपल्या तोंडाने सांगून भाव का पाडून घ्यावा? याला कायद्याचे उत्तर आहे आणि बाजाराचेही आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम असे आहे, की विरुद्ध करार नसेल तर मिळकतीतला किंवा आपल्या मालकीहक्कातला जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास माहीत आहे, खरेदीदारास माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊनही खरेदीदारास कळण्यासारखा नाही, तो दोष उघड करून सांगण्यास विक्रेता बांधलेला आहे. आणि तो न सांगणे या कलमाने कपट ठरविले आहे. मालकीहक्काचे दस्तऐवज मागताच दाखविणे, मिळकतीविषयी विचारलेल्या प्रस्तुत प्रश्नांना आपल्या माहितीप्रमाणे उत्तर देणे आणि विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारदेणे चुकते करणे हीही त्याच कलमातली कर्तव्ये होत. ज्या भिंतीची ओल आपण दरवर्षी रंग देऊन झाकीत आलो, ती ओल आपल्याला माहीत नव्हती असे म्हणण्यास मग जागा उरत नाही.

बाजाराचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधात आहे, ज्या निबंधामुळे पुढे २००१ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. विक्रेत्याला मालाचा दोष ठाऊक आणि ग्राहकाला नाही अशी परिस्थिती असली, की ग्राहक प्रत्येकच मालाला सदोष धरून भाव करतो, परिणामी चांगल्या मालाच्या धन्याला योग्य किंमत मिळत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. आवडीत जुने घर पाहावयास येणारा मनुष्य नेमके हेच करीत असतो. नव्या रंगाचा वास येताच त्याच्या मनात पहिला विचार ‘काय झाकले आहे?’ असा येतो आणि त्या अज्ञात दोषाची किंमत तो स्वतःच्या भीतीच्या मापाने लावतो, जी वास्तविक दुरुस्तीच्या खर्चाहून बहुधा मोठी असते. उलट ‘या न्हाणीघराच्या नळाची जोडणी गळते, दुरुस्तीला गवंड्याने इतकी रक्कम सांगितली आहे’ असे सांगून तो अंदाज त्याच्या हातात ठेवला, तर घासाघीस त्या रकमेभोवतीच होते.

ग्राहकाच्या खिशाचाही विचार करावा. तमिळनाडूत २०२३ च्या एप्रिलपासून खरेदीखतावर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि २ टक्के नोंदणी शुल्क आहे. म्हणजे पन्नास लाखांच्या घरासाठी साडेचार लाख रुपये किमतीच्या वर मोजावे लागतात. (महाराष्ट्रात नोंदणी शुल्क १ टक्का आणि त्यावरही ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा असल्यामुळे आपल्याकडच्या विक्रेत्याला या आकड्याची कल्पना नसते.) इतका भार सोसून आत आलेल्या कुटुंबापाशी पहिल्या वर्षी गळती काढण्यासाठी वा विजेच्या तारा बदलण्यासाठी पैसा उरलेला नसतो, आणि म्हणून त्याला सुंदर घरापेक्षा बिनघोर घर हवे असते. स्वयंपाकघराच्या फळ्यांचा रंग तो आपल्या आवडीने, आपल्या सवडीने पुढे बदलणारच असतो. आपण निवडलेला रंग त्याच्या गृहिणीला पसंत पडेल याची हमी कोण देणार?

कागदपत्रांवर होणारा खर्च अल्प, परंतु त्याला वेळ मुबलक लागतो, म्हणून ते काम गवंड्याच्याही आधी हाती घ्यावे. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून बोजाचा दाखला काढावा, ज्याला तेथे ‘विल्लंगम’ म्हणतात. त्यात स्वतःच्या खरेदीपासूनच्याच नव्हे तर त्यामागच्या मूळ दस्तांच्या नोंदीही जुळतात की नाहीत ते पाहावे. आपल्याकडे सातबारा तसा तेथे पट्टा. खरेदीनंतर पट्ट्यावर आपले नाव चढविण्याचा फेरफार कित्येकांनी केलेलाच नसतो, आणि वीस वर्षांपूर्वीच्या मालकाचे नाव तेथे तसेच असते. त्यासाठी तालुका कचेरीकडे अर्ज करावा लागतो. (तहसीलदार, तालुका, जमाबंदी ही सारी मंडळी तेथेही भेटतात, त्यामुळे मराठी माणसाला त्या कचेरीत पूर्णपणे परके वाटत नाही.) भूखंड मान्यताप्राप्त आराखड्यातला नसेल तर प्रकरण गंभीर: मद्रास उच्च न्यायालयाने २०१६ च्या सप्टेंबरात अशा भूखंडांच्या नोंदणीवर बंदी घातली, आणि त्यानंतर २०१७ मध्ये आलेल्या नियमांनी शुल्क भरून ते नियमित करून घेण्याची वाट मोकळी झाली. ज्यांनी ती संधी घेतली नाही त्यांनी रंगाऱ्याला बोलाविण्याआधी वकिलाला बोलवावे.

गृहकर्ज फेडून झाले तरी दस्ताच्या ठेवीची नोंद बोजाच्या दाखल्यात तशीच राहते, जोपर्यंत कर्जफेडीची पावती नोंदवून ती उतरविली जात नाही. ही गोष्ट निवृत्त माणसाला विक्रीच्या ऐन वेळी कळते आणि ग्राहक हातचा जातो. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांच्या आत मूळ दस्त परत करणे आणि बोजा उतरविणे सावकार संस्थेवर बंधनकारक आहे, विलंब तिच्याकडून झाला तर दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, आणि १ डिसेंबर २०२३ पासून मोकळ्या होणाऱ्या दस्तांना हा नियम लागू आहे. याखेरीज आवडी महानगरपालिकेच्या (२०१९ पर्यंत ती नगरपालिका होती) घरपट्टीच्या पावत्या, विजेचे शेवटचे देयक, मंजूर नकाशा, आणि घर वडिलांच्या नावावर असेल तर वारसांचा दाखला, एवढे एका जाड लिफाफ्यात तारीखवार लावून ठेवावे. नागपूरला राहणाऱ्या वृद्धाला प्रत्येक वेळी चेन्नईची वाट तुडविण्याचे कारण नाही. नोंदणी कायद्याप्रमाणे तो आपल्याच दुय्यम निबंधकासमोर मुखत्यारपत्र करून देऊ शकतो, मात्र मुखत्यार विश्वासातला हवा आणि अधिकार त्या एका घराच्या विक्रीपुरताच लिहिलेला हवा.

आयकराविषयी एकच वाक्य: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावरील दीर्घकालीन नफ्यावर निवासी भारतीयास महागाईचा निर्देशांक धरून २० टक्के अथवा न धरता साडेबारा टक्के यांपैकी जो कर कमी भरेल तो लागू पडतो, खोली वाढविणे यांसारख्या सुधारणांच्या पावत्या जपल्या तर त्या नफ्यातून वजा होतात, आणि रंगरंगोटी व किरकोळ डागडुजी मात्र सहसा त्यात धरली जात नाही, हे रंगावर पैसे न उधळण्याचे आणखी एक कारण समजावे.

आता झाडलोट. तीन दशकांचा संसार हलविताना लोक जुने लोखंडी पलंग, मोडका पंखा, भाच्याची सायकल आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे घरातच ठेवून ग्राहकाला आत बोलावितात. हे सारे आधी भंगारवाल्याला द्यावे, त्याचे पैसेच मिळतात. क्षारयुक्त पाण्याने पांढऱ्या झालेल्या नळांवर आणि फरशांवर तीव्र आम्ल ओतण्याचा मोह टाळावा, कारण ते सांध्यांतला माल खाते आणि नळाची चकाकी कायमची जाते. लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून फडक्याने तासभर झाकून ठेवले तर थर सुटतो. जुन्या घरांतली मोझेकची जमीन हे तर खरोखर धन आहे. तिच्यावर नव्या टाइल्स चिकटविणारा मनुष्य पैसे देऊन घराची शोभा घालवितो आणि दारे खालून कापावी लागतात ते निराळेच. त्याऐवजी यंत्राने एकदा घासून पॉलिश करून घ्यावी. वास्तुशास्त्राच्या नावाखाली पायऱ्या फिरविणे, दार हलविणे असले उद्योग विक्रेत्याने करू नयेत. ज्याला आग्नेयेस स्वयंपाकघर हवे आहे तो तसेच घर शोधील.

मुहूर्ताची गोष्ट निराळी. तेथे ग्राहकाच्या श्रद्धेचा हिशेब आपण राखला पाहिजे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा आडी महिना आणि आपला धनुर्मास म्हणजे त्यांचा मार्गळी, या दोन महिन्यांत तमिळ कुटुंबे सहसा घराचा व्यवहार करीत नाहीत. अपवाद आडी पेरुक्कूचा दिवस. संक्रांतीला तै महिना लागला की गर्दी उसळते, इतकी की शुभ दिवशी नोंदणी खाते जादा टोकने देते. हा क्रम विक्रेत्याच्या सोयीचा आहे. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या दिवसांत गच्चीचे काम उरकावे, त्याच वेळी कचेऱ्यांत अर्ज टाकावेत, ऑक्टोबर ते डिसेंबर घराला पावसात उभे राहू द्यावे, आणि पोंगल झाल्यावर, भिंती नुकत्याच भिजून कोरड्या राहिलेल्या असताना, दार उघडावे. ज्याला इतके थांबणे शक्य नाही त्याने निदान गच्चीवर पाणी साचविण्याची परीक्षा तरी चुकवू नये.

आवडीतच कशाला, अंबरनाथला किंवा भुसावळला जुने घर विकावयास काढलेल्या प्रत्येक वाचकाला विनंती एवढीच, की विक्रीची पाटी लावण्यापूर्वी घरातील ज्ञात दोषांची एक पानभर यादी ग्राहकाला कळेल अशा भाषेत, म्हणजे आवडीत तमिळमध्ये, लिहून काढावी, दुरुस्त केलेल्यांपुढे तारीख आणि पावती जोडावी, न केलेल्यांपुढे गवंड्याचा अंदाज लिहावा, आणि ते पान कागदपत्रांच्या लिफाफ्यात सर्वांत वर ठेवून विसाराची रक्कम स्वीकारण्यापूर्वी ग्राहकाची त्यावर सही घ्यावी.